बोलण्याचा तास

शाळेत माझ्यासाठी वेगळी खोली नसते. कुठे खेळाचं साहित्य ठेवतात तिथे दोन खुर्च्या मांडून मिळतात, कुठे प्रयोगशाळेचा कोपरा, कुठे पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांशेजारची जागा. वेळापत्रकातही माझा तास नसतो. मुख्याध्यापक बहुतेक वेळा सुचवतात, ‘‘मॅडम, खेळाच्या तासाला घ्या ना त्याला.’’ तो तास मी कधीच घेत नाही. वर्गात ज्याला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, तो मुलगा कबड्डीच्या मैदानावर भांडतो, ओरडतो, ‘आउट नाहीये मी’ म्हणून सरांपर्यंत जातो. बोलण्याचा इतका चांगला सराव त्याला समोरच्या खुर्चीवर बसवून मला देता येणार नाही.

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ. पालक ‘स्पीच थेरपीवाल्या’ म्हणतात, मुलं ‘बोलायच्या मॅडम’. या विषयाचं शिक्षण आपल्याकडे नवं नाही. मुंबईत नायर रुग्णालयात त्याचा जुना विभाग आहे, वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून आहे. पदवी घ्यायची, भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी करायची आणि कामाला लागायचं. पण ही वाट सहसा रुग्णालयाकडे किंवा स्वतःच्या दवाखान्याकडे जाते. कर्णबधिरांच्या विशेष शाळा आणि शहरांतल्या काही खासगी शाळा सोडल्या, तर साध्या शाळेच्या आवारात आमच्यातलं कुणी सापडणं अवघड. मला मात्र हे काम शाळेतच करावंसं वाटतं. बोलण्याची गरज, बोलण्याची भीती आणि बोलून मिळणारं समाधान, तिन्ही गोष्टी मुलाला तिथे रोज भेटतात.

शिक्षक माझ्याकडे आधी बोबडी मुलं पाठवतात, कारण बोबडेपण लगेच ऐकू येतं. पहिलीतली एक मुलगी ‘काका’ला ‘ताता’ म्हणायची, ‘गाय’ला ‘दाय’. क म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. तिच्या जिभेचं टोकच पुढे उचललं जायचं. हे तिला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. जिभेची मागची बाजू कुणाला आरशातही नीट दिसत नाही. म्हणून तिला शाळेच्या नळावर नेलं आणि गुळण्या करायला लावल्या. मान मागे, तोंडात घोटभर पाणी, घशात घुळघुळ. मग अर्धा घोट, मग जिभेपुरतं पाणी, मग पाण्याशिवाय नुसती गुळणी. त्या कोरड्या गुळणीत जो आवाज आला, तो ग च्या अगदी जवळचा होता. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तसाच काढला. ग आला की क फार लांब नसतो.

या कामात आपली वर्णमाला फार मदत करते. क, च, ट, त, प या ओळी घशापासून ओठांपर्यंत क्रमाने येतात. वर्गाच्या भिंतीवर टांगलेला तो तक्ता म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे. मुलाची जीभ कुठे चुकते हे मी पालकांना त्यावर बोट ठेवून दाखवते. प आणि फ मधला फरक तर कागदाच्या पट्टीवर दिसतो: तोंडासमोर धरली की ‘फणस’ म्हणताना ती चांगली उडते, ‘पणती’ला जेमतेम हलते. मराठीच्या स्वतःच्या गाठीही आहेत. ‘चमचा’ म्हणताना च दातांजवळ होतो, ‘चमचे’ म्हटलं की टाळूकडे सरकतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत झ चं तसंच. लिहिताना एकच अक्षर, बोलताना दोन जागा. इंग्रजीतल्या तक्त्यांत याची नोंद नसते. इथे तपासणाऱ्याचा कान मराठीत मुरलेला लागतो. र आणि ळ उशिरा येतात. बालवाडीतल्या मुलाच्या र साठी कुणी घाई करू लागलं, तर मी त्यांना थांबवते.

खरी परीक्षा आवाज सापडल्यानंतर सुरू होते. माझ्यासमोर स्वच्छ ‘काका’ म्हणणारी ती मुलगी जिना उतरेपर्यंत ‘ताता’वर आली. दवाखान्यात बसलं की हे कळायला दिवस जातात, शाळेत लगेच कळतं. तिच्या बाईंनी यावर जो उपाय काढला तो माझ्या डोक्यात आला नसता. रोज सकाळी ऑफिसातून खडू आणायचं काम त्यांनी तिला दिलं. ‘काका, खडू द्या,’ एवढं म्हणायचं. शिपाईकाकांना काय ऐकायचं आहे ते सांगून ठेवलं होतं. ते खडूचा डबा हातात धरून, मान थोडी वाकवून ऐकत. ‘ताता’ आलं तरी रागावत नसत, नुसते थांबत. ती स्वतःशी एकदा गुळणीचा आवाज काढायची आणि मग म्हणायची. तिच्या बोलण्यात क पक्का बसला त्याचं श्रेय मी त्या दोघांना देते.

काय दुरुस्त करायचं नाही, हे ठरवणंही आमच्याच कामात येतं, आणि त्याबद्दल मला अधिक आग्रहाने बोलावंसं वाटतं. खानदेशातल्या एका शाळेत नव्याने बदलून आलेल्या शिक्षिकेने तीन-चार मुलांची यादी दिली. तक्रार एकच: ‘‘यांना ळ येत नाही. डोळ्याला डोया म्हणतात, सकाळला सकाय.’’ मुलांशी बोलले, त्यांच्या आयांशी बोलले. आयाही डोया म्हणत होत्या, आज्याही. त्या भागात पिढ्यान् पिढ्या ळ चा य होत आला आहे. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे ती बोली साऱ्या महाराष्ट्राला प्रिय आहे. तीच वर्गात सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून आली की आजार कशी ठरेल? त्या मुलांच्या तोंडात काहीही बिघडलेलं नव्हतं. शाळेत लिहिताना डोळा, घरी बोलताना डोया, एवढं ती मुलं सहज सांभाळतात, फक्त कुणी हसायला नको. ती यादी मी परत दिली आणि त्या शिक्षिकेबरोबर बराच वेळ बसले.

सातपुड्यात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. पावरी बोलणाऱ्या घरातलं मूल पहिलीत येतं आणि महिनोन् महिने गप्प बसतं. नोंदवहीत कुणीतरी ‘बोलत नाही’ असं लिहून ठेवतं. अशा मुलाला मराठीत प्रश्न विचारून मराठीत मोजणं अन्यायाचं आहे. मी वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला शेजारी बसवते. ती त्याच्या भाषेत विचारते, मी फक्त बघते. तो किती लांब वाक्यं बोलतो, तिला हसवतो का, घडलेली गोष्ट क्रमाने सांगतो का. भाषेचा विकार असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो. जो मुलगा पावरीत शेळी कशी हरवली आणि कुठे सापडली हे हातवारे करत सांगतो, त्याला माझी गरज नाही. त्याला त्याची भाषा समजणारा शिक्षक हवा आहे.

आणि सगळ्यात आधी कान तपासायचे. सर्दी रेंगाळली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. मूल बहिरं होत नाही, पण त्याला कानात कापूस घातल्यासारखं अर्धवट ऐकू येतं, काही दिवस बरं, काही दिवस कमी. त्यात पत्र्याचं छप्पर आणि वर पाऊस. कानामागे यंत्र लावलेल्या मुलाची अडचण आणखी वेगळी: बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की ओठ दिसत नाहीत आणि अर्धा धडा जातो. ‘आधी लिहा, मग वळून बोला’ एवढ्या एका सवयीने त्या मुलाचा दिवस बदलतो. उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या आया माझ्याकडे येण्याआधी जिभेवर वेखंड चोळून आलेल्या असतात, पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घातलेला असतो, कुणी नवस बोललेलं असतं. त्यांच्यावर मी कधी चिडत नाही. आपल्या लेकरासाठी त्या धडपडत असतात. मात्र या साऱ्यात कानाची तपासणी वर्षानुवर्षं राहून जाते, ते मला सोसत नाही.

आता तोतरेपणाविषयी. सातवीतला एक मुलगा हजेरी सुरू झाली की बाकाची कड घट्ट धरायचा. नंबर जवळ येईल तसे खांदे वर चढायचे. ‘हजर सर’ यातला ह निघायचाच नाही. जबडा अडकून राहायचा, मान हलायची, मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसायचं. सरांना वाटत होतं की तो नाटक करतो. त्यांचा पुरावाही बिनतोड होता: ‘‘परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा सगळं खणखणीत म्हणतो. पाढे म्हणतो. मग हजेरीलाच कसा अडतो?’’ सरांनी पाहिलं ते खरंच होतं. तोतरं बोलणाऱ्या माणसाचं अडखळणं चारचौघांबरोबर एका सुरात बोलताना बहुतेक वेळा नाहीसं होतं. गातानाही नाहीसं होतं. म्हणून ते खोटं ठरत नाही. उलट, ठरलेला एकच शब्द, ठरलेल्या क्षणी, सगळे ऐकत असताना म्हणायचा, ही त्यातली सर्वांत कठीण वेळ. स्वतःचं नाव सांगताना असे लोक हमखास अडतात, कारण नावाऐवजी दुसरा शब्द वापरता येत नाही.

तोतरेपणा बहुतेकांत दोन ते पाच या वयात सुरू होतो. बऱ्याच मुलांत तो आपोआप जातो. मोठ्या माणसांत शंभरात एकाच्या आसपास उरतो. त्यामागे घराण्याचा वारसा असतो, मेंदूत बोलण्याची जुळणी कशी होते याचा भाग असतो. घाबरट स्वभावामुळे किंवा कुणाची नक्कल केल्याने तो येत नाही. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’, ‘आधी विचार कर’ हे सल्ले प्रेमाने दिलेले असतात, पण त्यातून मुलाला एवढंच कळतं की माझं बोलणं समोरच्याला बघवत नाही. त्या मुलाबरोबर मी अडखळण्यातला जोर कमी करण्याचा सराव केला. शब्दाशी झटापट न करता त्यात हळूच शिरायचं. आणि सरांना विनंती केली की हजेरी नावं न घेता बाकांवर नजर टाकून घ्या, आणि तो बोलू लागला की वाक्य पुरं होईस्तोवर त्याच्याकडे बघत राहा, शब्द पुरवू नका. सरांनी दोन्ही केलं. पुढे त्यांनी स्वतःहून आणखी एक गोष्ट केली, तोंडी परीक्षा सगळ्या वर्गासमोर न घेता एकेकाला व्हरांड्यात बोलावून घेऊ लागले. दहावीला भाषेच्या विषयात २० गुण तोंडी आणि अंतर्गत परीक्षेचे असतात. उत्तर येत असून ते गुण जाताना पाहणं काय असतं, ते त्या मुलांच्या घरी विचारावं.

इथे कायदा फारसा मदतीला येत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे, त्यात ‘वाचा व भाषा दिव्यांगता’ आहे. व्याख्या मात्र मेंदूच्या किंवा अवयवांच्या कारणाने आलेल्या कायमच्या दोषाची आहे. उदाहरणं आहेत ती स्वरयंत्र काढून टाकल्याची आणि मेंदूच्या इजेने वाचा गेल्याची. त्यात पन्नाशीतले रुग्ण दिसतात, सातवीतला मुलगा दिसत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही, आणि सवलत मिळायची तर ती त्या त्या शिक्षकाच्या मनावर.

आणि ज्यांना कुणीच माझ्याकडे पाठवत नाही, त्या मुलांसाठी माझा जीव सर्वांत जास्त तुटतो. त्यांचे उच्चार स्वच्छ असतात, कान चांगले असतात, बुद्धीही बरी असते. भाषाच नीट उमगत नाही. याला विकासात्मक भाषा विकार म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या तज्ज्ञांनी हे नाव २०१७ च्या सुमारास सहमतीने स्वीकारलं. इंग्लंडमध्ये शाळेत नव्याने आलेल्या मुलांची पाहणी झाली तेव्हा प्रमाण सुमारे ७ टक्के निघालं. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन. आमच्या शिक्षकांना विचारलं तर ते ही दोन मुलं लगेच दाखवतील, पण ‘लक्ष नसतं’, ‘वेंधळा आहे’, ‘घरी अभ्यास घेत नाहीत’ अशा नावांनी.

पाचवीतला असा एक मुलगा. बाई म्हणाल्या, ‘‘पुस्तक काढा, ४२ वं पान उघडा आणि तिसऱ्या प्रश्नाखाली रेघ मारा.’’ त्याने आधी शेजाऱ्याकडे पाहिलं, मग पुस्तक काढलं, पुन्हा पाहिलं, मग पट्टी शोधू लागला. तो सबंध दिवस असाच दुसऱ्याच्या वहीत बघून निभावतो, हे मला मागच्या बाकावर बसल्यामुळे दिसलं. बोलताना ‘पाणीत पडला’, ‘घोडाला गवत दिलं’ अशी रूपं अजून येत होती. नऊ-दहा वर्षांच्या मराठी मुलाला पाण्यात आणि घोड्याला कधीचं जमलेलं असतं. गोष्ट सांगताना ‘तो’ म्हणजे नेमका कोण हे ऐकणाऱ्याला कळत नसे. गणितात नापास. मी फळ्यावरचं शाब्दिक उदाहरण घेतलं: एका टोपलीत २४ पेरू होते. त्यांपैकी ६ नासके निघाले. उरलेले ३ मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती मिळाले? त्याने तिन्ही आकड्यांची बेरीज करून ३३ लिहिले. मग मला विचारलं, ‘‘मॅडम, निघाले म्हणजे कुठे गेले?’’

मी पाटीवर चिंचोके मांडले. हे २४ पेरू. हे ६ खराब, टाकून दे. आता किती राहिले? ही ३ मुलं, यांना सारखे दे. त्याने माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘सहा’ म्हटलं. वजाबाकी येत होती, भागाकार येत होता. ‘त्यांपैकी’, ‘उरलेले’, ‘निघाले’ हे तीन शब्द त्याच्या आणि गणिताच्या मध्ये उभे होते. पाच वर्षं त्याला गणितात कच्चा म्हणत आले आणि घरी त्यासाठी मार बसला. माझ्या हातात त्याच्यासाठी कुठलीही जादू नव्हती. धडा वर्गात येण्याआधी त्यातले चार शब्द त्याच्या हाती द्यायचे, एवढंच. बाष्पीभवन शिकवायच्या आदल्या दिवशी आम्ही ओला रुमाल उन्हात टाकला आणि दर थोड्या वेळाने हात लावून पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला त्याने हात वर केला. बाईंनी ते मला मुद्दाम येऊन सांगितलं.

अशा मुलांच्या पालकांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून एक सल्ला सर्रास दिला जातो: घरात मराठी बंद करा, इंग्रजीच बोला, म्हणजे मुलाचा गोंधळ होणार नाही. या सल्ल्याविरुद्ध मी जमेल तिथे बोलते. दोन भाषांमुळे हा विकार होत नाही. आई ज्या भाषेत रागावते, समजूत घालते, आजी ज्या भाषेत भुताची गोष्ट सांगते, ती काढून घेतली तर मुलाकडे मोडक्या इंग्रजीतले आठ-दहा हुकूम उरतात. आधीच अशक्त असलेल्या भाषेला मिळणारं अन्न तोडायचं आणि ती धष्टपुष्ट होईल अशी आशा करायची, हे कुठलं शहाणपण?

काही मुलं तोंडाने बोलणारच नसतात. त्यांच्यासाठी चित्रांचे तक्ते असतात, आता मोबाइलवरही मिळतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ मराठीतही चालतं. चित्रांच्या बाजूने आवडतं, हो, अजून आणि त्यांची उलट अशी बटणं असतात. स्वमग्न असलेल्या एका मुलीला वर्गात कुणी ओढून जागेवर बसवलं की ती चावायची. चित्रावर बोट ठेवून ‘नाही’ म्हणता येतं हे तिला कळलं आणि मुख्य म्हणजे ते ऐकून समोरचा माणूस खरोखर थांबतो हे कळलं, तेव्हापासून चावणं कमी होत गेलं. पालकांना वाटतं, चित्रं दिली की मूल बोलायचं सोडेल. तसं होत नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुलांना तपासतात, हे चांगलं काम आहे. अडचण तपासणीनंतर येते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलेल्या मुलाला दर आठवड्याला नेणं म्हणजे बापाची एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं एसटीचं भाडं. दोन खेपांनंतर ते थांबतं, आणि कागदावर ‘पालकांचा प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. गट साधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात. साऱ्या प्रकारच्या अडचणींची मुलं त्यांच्याच अंगावर. तिथे तालुक्याला निदान एक वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ, कायम नेमणुकीवर, शाळाशाळांतून फिरणारा, एवढी माझी मागणी आहे. तो प्रत्येक मुलापर्यंत रोज पोहोचणार नाहीच. पण वर्गात रोज पाच तास असणाऱ्या माणसाला त्याने हाताशी धरलं तर पुष्कळ होतं.

पाचवीच्या त्या बाईंनी आता शाब्दिक उदाहरणं फळ्यावर एका ओळीत एकच गोष्ट अशी तोडून लिहायला सुरुवात केली आहे. त्या मुलासाठी केलेल्या या बदलाने मागच्या बाकांवरची आणखी पाच-सहा मुलं गणितं सोडवू लागली; त्यांची नावं माझ्या यादीत कधीच नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यांना अपूर्णांक सुरू करायचे आहेत. ‘निम्मे’, ‘पाव’, ‘दीडपट’, ‘राहिलेल्याचा तिसरा भाग’ हे शब्द आधी कोणत्या क्रमाने घ्यायचे, आणि त्यासाठी भाकरी आणायची की कागद कापायचा, ते आम्ही मधल्या सुट्टीत बसून ठरवणार आहोत.